आमच्यात ह नाय

बाळाराम दादूसांनी तळमजल्यावर बायकोला 'चहात साखर कमी टाक' म्हणून सांगितलं, की दुसऱ्या मजल्यावर माझी बायको माझ्या कपातली साखर कमी करायची. इतका त्यांचा आवाज. आमच्या नवीन पनवेलच्या इमारतीत भोंगा, घंटा, गजर असलं काही कधी लागलंच नाही.

दादूस म्हणजे मोठा भाऊ. वयाने मोठी असलेली माणसंही त्यांना दादूसच म्हणत. घरची भातशेती नव्या शहरात गेली, तिच्या बदल्यात मिळालेल्या तुकड्यावर ही इमारत उभी राहिली आणि तळमजल्याची गॅलरी दादूसांच्या वाट्याला आली. पंचवीस वर्षं त्यांनी कोन गावापासून उरणपर्यंत टेनिस बॉल क्रिकेटच्या सामन्यांत माईक गाजवला. पण सामना संपला तरी कॉमेंट्री संपत नसे. गॅलरीत खुर्ची टाकून ते रस्ता वाचून दाखवत. "दूधवाला गेटाच्या बाजूनं धावत येतोय... कुत्रा मिडऑनला उबा हाय... पिशवी सुटली आनि झेलली वॉचमननी!" माझी स्कूटर तर त्यांचं आवडतं पात्र. "सायेबांची तिसरी किक... नाय, वाया गेली! चेहरा पराभूत हाय." सगळी इमारत हसायची, आणि गॅलरीत उघडणाऱ्या खिडकीतून सुमनवैनींचंही हसू ऐकू यायचं. वैनी म्हणजे त्यांच्या पत्नी. चार वर्षांपूर्वी साखरेच्या आजारात त्यांची नजर गेली. त्या तिथेच खिडकीशी बसून असत.

एका अंतिम सामन्यात दादूसांनी 'षटकार' म्हणायला तोंड उघडलं. 'षट' बाहेर आलं, 'कार' म्हणजे नुसतीच हवा. पुढे दोन महिने त्यांनी ज्येष्ठमध चघळला, हळदीचं दूध प्यायलं, मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या. आवाज गंजलेल्या फाटकासारखा तो तसाच. शेवटी मीच त्यांना जुन्या पनवेलमधल्या घशाच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं.

डॉक्टरांनी नाकातून कॅमेऱ्याची बारीक नळी घातली. समोरच्या पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या उघडमीट करू लागल्या. डॉक्टर म्हणाले, "या तुमच्या स्वरतंतूच्या पट्ट्या. बोलणं म्हणजे यांनी टाळी वाजवणं. तुम्ही पंचवीस वर्षं फार जोरात वाजवलीत. चप्पल चावून पायाला घट्टा पडतो ना, तशा दोन्ही पट्ट्यांवर समोरासमोर बारक्या गाठी आल्यात. त्यामुळे टाळी पुरती जुळत नाही, मधून हवा निसटते."

दादूस पडद्याकडे टक लावून बघत होते. नळी निघाल्यावर खरखरले, "मंजे फिल्डिंगमदी गॅप हाय."

गाठी साध्याच होत्या. चाकूची घाई नव्हती. आठवडाभर पूर्ण मौन, मग आवाजाचे व्यायाम. कुजबुजायचंही नाही, खाकरायचंही नाही. मात्र पुन्हा माईकवर ओरडलात, तर राहिलेल्या आवाजाची खात्री मी देत नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं. येताना रिक्षात दादूस बाहेर बघत बसले होते, आणि रस्त्यावर काय चाललंय ते पहिल्यांदाच कुणी मला सांगत नव्हतं.

मौनाच्या आठवड्यात त्यांनी पाटी घेतली. पण अक्षरं एवढी मोठी काढत, की पाटीवर एकच शब्द मावे. माणूस लिहितानाही ओरडत होता. उरलेला वेळ खुर्चीच्या दांड्यावर चमचा वाजवत बसायचे. टक, टक, टक, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. आम्हाला वाटलं, कंटाळले.

मग व्यायाम सुरू झाले. ते शिकवणारी मुलगी पुण्याची, शिस्तीची. तिचं म्हणणं, ह म्हणताना आधी वारा निघतो आणि पट्ट्या मागून अलगद जुळतात, आपटत नाहीत. म्हणून आधी तिला ह ऐकायचा होता. ती म्हणाली, "म्हणा, आम्ही."

"आमी."

"तुम्ही."

"तुमी."

"दादूस, ह कुठे गेला?"

"आमच्यात ह नाय, बाय. जमिनी गेल्या तवा त्यो पन गेला आसंल."

ती हसली, वही मिटली आणि सहज विचारलं, घरी व्यायाम करून घ्यायला कुणी आहे का?

"हाय," दादूस म्हणाले.

"सापडला," ती म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी गॅलरीत उभं राहून, मान वर करून, वीस वेळा 'हाय'. तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या बाईंनी पहिल्या दिवशी हात हलवून उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी त्या आत गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचे यजमान खाली आले.

"तुम्ही आमच्या मिसेसना हाय म्हणता?"

"नाय."

"मग कुणाला म्हणता?"

"कुनाला नाय. हाय, त्यो व्यायाम हाय."

यजमानांची समजूत घालायला मला खाली यावं लागलं.

तीन महिन्यांत आवाज परतला. पूर्वीचा नव्हे, अर्ध्या उंचीचा, पण स्वच्छ. बातमी पसरली आणि गावच्या स्पर्धेची मंडळी शाल-नारळ घेऊन दारात आली. यंदा अंतिम सामन्याला तरी या, तुमच्याशिवाय मैदान मुकं वाटतं म्हणाले. मीही तिथेच होतो. मला वाटलं, दादूस आत्ताच माईक मागतील.

दादूसांनी नारळ परत त्यांच्या हातात ठेवला. "आता जरासाच आवाज हाय," ते म्हणाले. "घरात लागतो."

एकजण कुरकुरला, दादूस शहरी झाले. मंडळी गेली. मी विचारणार होतो, घरात कशाला एवढा आवाज लागतो. तेवढ्यात खिडकीतून वैनींनी विचारलं, "हाय का?"

"हाय," दादूस म्हणाले. आधी वारा, मग आवाज.

मला एकदम मौनाच्या आठवड्यातला तो चमचा आठवला. तोही वैनींना 'हाय'च म्हणत होता.

त्यांनी खुर्ची उचलून खिडकीला अगदी लावली आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. "रिक्षा थांबली हाय. तिगी बायका उतरल्या. एकीचा लुगरा हिरवा हाय."

"हिरवा मंजे कसा?"

दादूसांनी मान वर केली. समोर इमारतीच इमारती होत्या.

"आपल्या शेतान नुकताच लावलेला भात आसायचा ना, तसा."



"दिसला," वैनी म्हणाल्या.