टॉफीसाठी भाजलेला बांगडा

"धूर नाय, तेल नाय, वास तर नायच नाय! बंद पेटी ती. आत हत्ती भाजलो तरी भायर सोंडेचो पत्तो लागूचो नाय!"

जयराम मास्तरांनी बायकोला हे छातीवर हात ठेवून सांगितलं. विमलाबाईंनी ओट्यावरच्या त्या काळ्याकुळकुळीत एअर फ्रायरकडे पाहिलं. गेल्या दिवाळीत सुनेनं पाठवल्यापासून त्यात फक्त पापड भाजले गेले होते, आणि तेही एकदाच. नंतर त्याचा उपयोग वरती लाईटची बिलं ठेवण्यापुरता उरला होता.

आज मात्र त्यात बांगडा भाजायचा होता. श्रावणात! आणि तोही जयराम मास्तरांच्या घरात! मालवण किनाऱ्याच्या आमच्या गावात ही बातमी फुटली असती तर समुद्राला आग लागल्याच्या बातमीकडेही कोणी बघितलं नसतं.

कारण श्रावण म्हणजे मास्तर आणि मास्तर म्हणजे श्रावण. देवळाच्या फळ्यावर महिनाभर रोज एक सुविचार ते स्वतःच्या हातानं लिहीत. 'जिभेला जिंकले त्याने जग जिंकले.' गेल्या श्रावणात सप्ताह कमिटीचा सेक्रेटरी मंगेश कुडाळात एका गाडीवर ऑम्लेट खाताना दिसला, तर दुसऱ्या दिवशी फळ्यावर आलं, 'अंड्याला पाय नसतात, पण बातमीला असतात.' नाव घातलं नव्हतं. घालायची गरजच नव्हती.

या तपश्चर्येचं फळ यंदा पदरात पडणार होतं. चार दिवसांनी देवळात हरिनाम सप्ताह बसायचा होता आणि पहिली वीणा मास्तरांच्या गळ्यात पडायची होती. निवृत्तीनंतर अकरा वर्षं ते या मानाची वाट बघत होते. अट एकच. पहिला वीणेकरी श्रावणभर कडक शिवराक हवा. मासे नाहीत, अंडं नाही, वाससुद्धा नाही!

आणि नेमका आत्ताच टॉफी घरात आला होता.

टॉफी हा मुलगा-सुनेचा कुत्रा. केसांचा नुसता गुंडा! पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, हे तो भुंकल्याशिवाय कळत नसे. सर्वेश आणि शर्मिष्ठा दहा दिवस सिंगापूरला गेले आणि त्याला आजी-आजोबांकडे ठेवून गेले. सोबत त्याच्या खाऊचं पाकीट होतं. पण पुण्याचा खाऊ आमच्या पावसाला काय टिकणार? तिसऱ्याच दिवशी त्यावर बुरशीची दाढी उगवली. टॉफीनं तो खाऊ नाकारला, भात नाकारला, दूध नाकारलं. मास्तरांनी त्याला 'अन्न हे पूर्णब्रह्म' म्हणून दाखवलं. तो उठून पलंगाखाली गेला.

"बाबा, उपाशी ठेवू नका हं त्याला," फोनवर शर्मिष्ठा रडवेली झाली. "एअर फ्रायर आहे ना? माशाचे तुकडे घ्या, काटे काढून. मीठ, मसाला, तेल काही म्हणजे काही घालायचं नाही. मंद आचेवर दोन तास. कुरकुरीत होतात. त्याला जीव की प्राण!"

मास्तरांनी रात्रभर विचार केला. एका पारड्यात वीणा, दुसऱ्यात मुकं जनावर. शेवटी दयेचा विजय झाला, कारण यंत्राच्या पुस्तिकेत 'धूररहित' असं छापलेलं होतं.

बांगडे आणायला शेजारचा रोझारियो हाताशी होता. त्याच्या घरी श्रावण नसतो. गोव्यात जहाजांच्या डागडुजीत उमेदीची वर्षं घालवून आलेला गडी, पोटात पाप नाही, पण तोंडाला झाकणही नाही.

"मास्तर, तुमका बांगडे? आता?" रोझारियोचे डोळे नारळाएवढे झाले.

"हळू बोल रे! कुत्र्याक व्हये."

"हां हां. कुत्र्याक." रोझारियोनं डोळा मारला. "माका कळता. माझो काको पण दारू खोकल्याक म्हणान घेता."

दुपारी त्यानं साफ केलेले तुकडे काळ्या पिशवीतून आणून दिले. मास्तरांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि एअर फ्रायर मागच्या पडवीत नेला. पण श्रावणात माशाचं दर्शनही नको, म्हणून ते मासळीकडे पाठ करून उभे राहिले आणि विमलाबाईंना पुस्तिका मोठ्यानं वाचून दाखवू लागले.

"टोपलीत तुकडे सुटे सुटे मांडावेत! मांडलंस?"

"मांडलंय."

"बटन दाब!"

यंत्र घुं घुं करू लागलं. मास्तर समाधानानं हसले. एक गोष्ट मात्र पुस्तिकेत छापलेली नव्हती. त्या पेटीला मागून एक जाळी होती, आतला पंखा सगळी हवा त्या जाळीतून बाहेर फेकत होता, वारा पश्चिमेचा होता, आणि देऊळ बरोब्बर पूर्वेला!

देवळात तेव्हा भजनाची तालीम चालली होती. तीन आठवडे मासळीशिवाय काढलेल्या मालवणी माणसाचं नाक म्हणजे काय चीज असते, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आधी पखवाज थांबला. मग टाळ थांबले. मग पेटीवाल्यानं भाता सोडून डोळे मिटले. अभंगात कधी लागली नव्हती अशी समाधी सगळ्यांना एकदम लागली!

"बांगडो," कोणीतरी पुटपुटलं.

"ताजो," दुसरा म्हणाला.

"खंयसून येता?" मंगेश उठला. आणि नाकामागून मंगेश, मंगेशमागून कमिटी, अशी दिंडी निघाली ती थेट मास्तरांच्या मागल्या दारी येऊन थांबली. तिथे त्यांच्याआधी सात मांजरं ओळीनं बसली होती.

"मास्तर," मंगेश गोड आवाजात म्हणाला, "आज काय विशेष?"

मास्तर संकटात सापडले की मालवणी सोडून शाळेच्या मराठीत शिरत. "हे पाहा मंगेशराव, आपला गैरसमज होत आहे. सदर पदार्थ श्वानासाठी आहे!"

"कुत्र्याक? बांगडो? मशिनीत?"

"होय. विमल, टॉफीला आण! आत्ता सर्वांसमक्ष खाईल."

विमलाबाईंनी टॉफीला पलंगाखालून ओढून आणलं. मास्तरांनी पेटीतले तुकडे ताटलीत काढून समोर ठेवले. टॉफी पुढे आला, एका तुकड्याला नाक लावलं, आणि असा सणसणीत शिंकला की केसांतून त्याचे दोन्ही डोळे प्रथमच गावाला दिसले! मग तो दोन पावलं मागे सरकला. पखवाजवाल्याच्या सदऱ्यावर प्रसादातला केळ्याचा तुकडा चिकटला होता, तो त्यानं चाटून खाल्ला आणि शेपूट हलवली.

"बघा!" मंगेश ओरडला. "कुत्रो श्रावण पाळता! मास्तरांका पाळूक जमना नाय!"

मास्तरांना वीणेच्या तारा डोळ्यांदेखत तुटताना दिसत होत्या. आणि मग त्यांना सुचलं! उभ्या नोकरीत इतकं बिनतोड काही सुचलं नव्हतं.

"चव घ्या! माणसाच्या बांगड्यात मीठ-मसाला असतो. यात काही नाही. एक कण मीठ सापडलं, तर मी वीणेला हात लावणार नाही! हा माझा शब्द!"

मुद्दा बरोबर होता. सगळ्यांनी ताटलीकडे बघितलं. सगळ्यांनी आवंढा गिळला. पण श्रावणात चव घेणार कोण?

"रोझारियो!" मास्तर कुंपणावरून ओरडले.

रोझारियो आला. कमिटी गोल उभी राहिली. मागे विमलाबाई हातानं, डोळ्यांनी, भुवयांनी काहीतरी खुणावत होत्या, पण मास्तरांचं सगळं लक्ष साक्षीदाराकडे होतं. रोझारियोनं एक तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटले. सावकाश चावला.

"काय?" मंगेश म्हणाला.

"एका तुकड्यान समाजना नाय." त्यानं दुसरा घेतला. मग तिसरा. पाऊस थबकला. मांजरं थबकली.

"वा, वैनी!" रोझारियो तृप्त होऊन म्हणाला. "मीठ बरोब्बर! मसालो घरचो. आणि वरती कोकमाचा आगळ, तुमच्या हाताक तोड नाय!"

मास्तरांनी मान वळवली. विमलाबाईंनी पदर तोंडाला लावला.

"विमल! सुनेनं काही घालू नको सांगितलं होतं ना?"

"सांगलेला. पण हात गेलो आपोआप! चाळीस वर्सां बांगड्याक हात लागलो की मागसून मिठाक लागताच. आणि आळणी बांगडो मुक्या जनावराक घालूचो? पाप लागात!" त्या थांबल्या. "तुमी पाठ करून उभे नसतास तर दिसला असता."

कमिटी आली तशी परत गेली. फक्त जाताना प्रत्येकजण कुंपणाशी एकदा थांबून खोल श्वास घेत होता.

दिवेलागणीला मास्तर पडवीत बसले होते. टॉफी आत विमलाबाईंनी चुरून दिलेला केळं-भात मटामटा खात होता. समोर ताटलीत पाच तुकडे होते. अकरा वर्षांची वाट, रोजचा फळा, रोजचा खडू, सगळं या पाच तुकड्यांवर गेलं होतं. सजा तर झालीच, मास्तरांनी विचार केला. मग गुन्हा तरी बाकी कशाला ठेवा?

त्यांनी एक तुकडा उचलला.

दोन विमलाबाईंनी खाल्ले. तीन मास्तरांनी. बोलायला तोंड रिकामं नव्हतं.

मास्तर बोटं चाटत असतानाच मागल्या दारी छत्री मिटल्याचा आवाज आला. मंगेश! एकटाच. इकडे तिकडे बघत तो आत शिरला.

"मास्तर, राग मानू नकात," तो कुजबुजला. "त्या वासान माझा भजनात लक्ष लागना नाय. टाळ दोनदा चुकलो. वीणेचा मी बघतंय. रोझारियोच्या जिभेचा काय खरा, म्हणान सांगतंय सगळ्यांका. पहिली वीणा तुमच्याच गळ्यात घालतंय, देवाशपथ! फकत..." त्यानं आवंढा गिळला. "फकत एक तुकडो."

मास्तरांनी ताटलीकडे बघितलं. मंगेशनंही बघितलं. ताटली इतकी लख्ख होती की तिच्यात दोघांचे चेहरे दिसत होते.

मग मंगेशनं छत्री उघडली आणि उंबऱ्यावरून वळून अतिशय दुःखानं म्हणाला,

"मास्तर, श्रावण सरूक फकत नऊ दिवस ऱ्हवले. वायच दम धरूचो व्हतो!"