महावणव्याच्या सालापासून ओढलेल्या रेघेची बखर

श्रीवनदेवता रक्षो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, फाल्गुन शुद्ध पंचमी. स्वामींनी पुसिले की, आपल्या डोंगरी परगण्यात वणव्यांचा धूर सालोसाल वाढला की उतरला, त्याचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहावे. त्यावरून लिहिले ऐसे.

पूर्वी या राज्यात वणवे लागत आणि विझत, परंतु धूर मोजण्याची चाल सरकारात नव्हती. मग शके १९३१ त महावणवा जाहला, नऊ दिवस डोंगर जळत राहिले, राजवाड्याच्या गच्चीवर राख पडून राणीसाहेबांचे वाळवणाचे पापड काळे जाहले, आणि तेव्हा दरबारास जाग आली. मग आकाशनेत्र मागवून अंतराळी टांगिला, येसो मल्हार यांस धूरनवीस नेमिले आणि चाळीस असामी वणव्याचे राखणदार म्हणून डोंगरावर ठेविले. येसोपंत मोठे काटेकोर. जळाला मुलूख किती ते आकाशनेत्र दाखवी, आणि मग पंत स्वतः शेजारच्या न जळालेल्या रानात जाऊन दहा हात चौरस जागा झाडीत, सुका पाला तागडीत घालीत, आणि वजनाचे निम्मे ते कर्ब, ज्यास नवे लोक कार्बन म्हणतात, तितके धुरावाटे आभाळात गेले असे धरून लिहीत. झाडणीस सोबत राखणदारांची नाईक जैतूबाई असे. ती म्हणे, "पंत, घरी कधी झाडू धरला होता का जी? अर्धा पाला तर उडवूनच देता." पंत रागावत नसत. पुन्हा पहिल्यापासून झाडीत.

महावणव्याच्या साली कर्ब चार हजार खंडी भरले, आणि मग उतरत उतरत गेल्या साली बाराशे जाहले. हे ऐकून दिवाण हैबतराव परम संतोष पावले आणि त्यांनी दरबारच्या भिंतीवर सोन्याच्या रंगाने ती उतरती रेघ काढविली, महाराजांस 'धूरशमन' किताब योजिला, बारा नगारे नवे मढविले, आणि हुकूम लिहविला की, धूर उतरला, सबब राखणदारांचे काम सरले, चाळीस असामींस शाल देऊन रजा द्यावी. हुकुमावर धूरनवीसांचा शिक्का तेवढा राहिला होता.

आता येसोपंतांच्या पेटीत एक जुने बाड होते. त्यांचे गुरू अवचितराव हे महावणव्याच्या आधी अकरा साले, कोणी न सांगता, आपल्याच हौसेने रानचा पाला तोलून लिहीत असत. परंतु त्यांनी जळाली जमीन पावलांनी मोजिली होती आणि तागडी दाण्याची होती, म्हणून येसोपंतांनी नेमणूक होताच बाडावर 'कच्चे' असे लिहून ते पेटीत घातले, आणि पंधरा साले उघडिले नाही. यात त्यांचे कपट काही नव्हते. शिस्तच तशी होती.

दरबार भरला. जैतूबाई शाल घेण्यास आली ती भिंतीपाशी उभी राहिली आणि रेघेच्या वरल्या टोकावर बोट ठेवून म्हणाली, "ही कोणत्या सालची?"

"महावणव्याची," पंत म्हणाले.

"अन् याच्या आधी भिंत कोरी काहून? तवा रान नव्हतं का?"

दिवाण बोलिले, "बाई, तेव्हा मोजणी नव्हती."

"मंजे ताप चढला तवा वैद्य बोलावला, अन् वैद्य म्हनते, मी आलो तवापासून ताप उतरला! पहिल्या दिवशी तो जास्तच असन ना जी. पन अंग अजून ऊन हाय का नाई, थे कोन पाहीन? आमाले तर रजा देऊन राहिले."

दरबारात हशा जाहला. येसोपंतांनी शिक्का खाली ठेविला आणि म्हणाले, "मोजणी होती."

दिवाण कानाशी लागून बोलिले, "पंत, ते बाड तुम्हीच कच्चे ठरविलेत. आता काढाल तर पंधरा सालांचे तुमचे नाव जाईल."

"जाईल खरे," पंत म्हणाले. "पेटी आणा."

मग बाड उघडिले आणि अकरा साले मोठ्याने वाचिली. एकाही साली कर्ब सहाशे खंडींवर गेले नव्हते. पंतांनी सांगितले की, पावलांची मोजणी आणि दाण्याची तागडी म्हणून दहात दोनाची चूक धरावी, तरी सातशे वीस होतात, आणि गेल्या सालचा धूर त्याहून दीडपटीवर आहे.

महाराज पुसिते जाहले, "म्हणजे आम्ही धूर शमविला नाही?"

"स्वामी, महावणवा शमला. धूर जुन्या ठिकाणी आला नाही. राखणदार उठविले तर किती चढेल, तो आकडा मजपाशी नाही."

महाराजांनी हुकूम फाडिला आणि चिताऱ्यास शिडीवर चढविले. सोन्याचा रंग सरला होता, म्हणून मागील अकरा साले कोळशाने ओढिली, आणि मग सर्वांस दिसले की रेघ खालून निघते, डोंगराएवढी चढते आणि उतरते, परंतु निघाली तेथे परत येत नाही. किताब द्यावयाचा राहिला. बारा नगारे वणव्याची वर्दी देण्यास डोंगरावर गेले. जैतूबाईस शाल देऊ लागले तो ती म्हणाली, "शाल राहू द्या जी, झाडू नवे द्या. पंतांनी सारे झिजवले." येसोपंतांनी बाडावरील 'कच्चे' खोडिले आणि तेथे लिहिले: अवचितराव यांची मोजणी, चूक दहात दोन; पंधरा साले न उघडण्याची चूक येसो मल्हार याची.

एवंच, परगण्याचा धूर सहाशांवरून बाराशांवर आला आहे, राखणदार चाळीसचे चाळीस डोंगरावर आहेत, आणि यंदाचा पाला अजून तोलावयाचा आहे.