न फुटलेली एकोणीस अंडी

सोमवारी संध्याकाळी सहावं अंडं फुटलं आणि त्याचा बलक ओट्यावरून ओघळत थेट बाबाच्या सपातेत उतरला, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "हं. म्हणजे हासुद्धा गेला."

"कोण गेला?" बाबाने घाबरून विचारलं.

"पेशंट."

भिंगरीने डोळ्यांवरचा जाड चष्मा कपाळावर सरकवला. तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीपटात होतं. एका जागी टिकायचं तिला जमत नसल्यामुळे घरी ती भिंगरीच. अशा मुलीच्या हातात मिनिटाला हजारो फेरे घेणारं अवजार द्यायचं, हे आईलाच सुचू शकतं! पण आईचं कामच तसलं. पाठीच्या कण्याचं हाड तासायची अवजारं ती बनवायची. हाड कठीण आणि त्याला चिकटूनच आत मज्जारज्जूवरचं नाजूक आवरण. हाड तर तासलं गेलं पाहिजे, पण आवरणाला ओरखडाही उठता कामा नये. म्हणून आधी चाचणी अंड्यावर. कवच म्हणजे हाड, आतला पापुद्रा म्हणजे आवरण. अंड्याखाली टिशूपेपर ठेवायचा. तो कोरडा राहिला तर पेशंट वाचला, ओला झाला तर नातेवाइकांना बोलवा.

"पण मीच का?" भिंगरीने आधीच विचारून घेतलं होतं.

"वर्कशॉपमधल्या सगळ्यांचे हात मुरलेले आहेत. मला अगदी कोरा हात हवाय. ज्याला काही म्हणजे काहीच येत नाही असा."

भिंगरीला हे कौतुकच वाटलं.

शनिवारी एक मोठ्या सर्जनबाई अवजार बघायला येणार होत्या. त्यांनी मान डोलावली तर ते पुढे जाणार, नाहीतर आईची दोन वर्षं पाण्यात. त्यामुळे सहा पेशंट गमावलेल्या आईने फुटकी कवचं भिंगाखाली धरून पाहिली आणि मंगळवारी नवं टोक करून आणलं. मोहरीएवढं, आणि त्याचे दात जरासे तिरके.

मंगळवारी पहिलं अंडं तासून झालं. टिशूपेपर कोरडा! दुसरं, तेही कोरडं. चारच्या चार पेशंट ठणठणीत.

"दातांचा कोन!" आई म्हणाली.

"माझा हात!" भिंगरी म्हणाली.

"अगं, सोमवारीही हाच हात होता की."

"सोमवारी तो झोपला होता. आता जागा झालाय."

बुधवारी पाच, गुरुवारी पाच, शुक्रवारी पाच. एकूण एकोणीस अंडी आणि एक थेंब सांडला असेल तर शपथ! भिंगरीची मान ताठ होत होत जवळजवळ मागे झुकली. शाळेत ती पेन अवजारासारखं तिरकं धरायला लागली. मैत्रिणीच्या पाठीवर बोट टेकवून "इथे थोडं तासावं लागेल गं" असं गंभीरपणे सांगायला लागली. वर्गशिक्षिकांना तर तिने विनामूल्य सल्लाही दिला, आणि त्याबद्दल एक तास वर्गाबाहेर उभी राहिली, तेसुद्धा कणा सरळ ठेवून. मधल्या सुट्टीत डब्यात उकडलेली अंडी निघत, एका बाजूने तासलेली. वाया जायला नकोत म्हणून बाबा ती उकडून देतो, असा तिचा समज. ती एकेक अंडं उंच धरून म्हणायची, "हा कालचा पेशंट. प्रकृती उत्तम." आणि खाऊन टाकायची.

शनिवारी आईने वर्कशॉपच्या वाटेवर सहा ताजी अंडी घेतली. सर्जनबाई ठेंगण्या, मोजकं बोलणाऱ्या आणि पांढऱ्याशुभ्र कडक बाह्यांच्या निघाल्या.

"ही कोण?"

"माझी मुलगी. कोरा हात," आई म्हणाली.

"होता. आता नाहीये," भिंगरीने दुरुस्ती केली. "आणि टिशूपेपर कशाला, आई? डॉक्टर, तुम्ही तळहातच धरा ना खाली."

"अगं—"

"एकोणीसपैकी एकोणीस, आई!"

सर्जनबाईंनी खरंच तळहात पुढे केला. मोटर गुणगुणायला लागली, पांढरी भुकटी उडाली, आणि दुसऱ्याच क्षणी बलक तळहातावरून मनगटाकडे आणि मनगटावरून त्या कडक बाहीत शिरला.

"हे जरा म्हातारं अंडं होतं," भिंगरी म्हणाली.

दुसरं आईच्या आराखड्यावर फुटलं. तिसऱ्या वेळी तिने अंडं इतकं घट्ट धरलं, की अवजार टेकायच्या आधीच अंड्याने मान टाकली. चौथ्याला आणि पाचव्याला तर सांगण्यासारखं काही आयुष्यच मिळालं नाही.

आईने चिकट बोटांनी बाबाला फोन लावला. कानाला लावायची सोय नव्हती, म्हणून स्पीकरवर.

"अरे, घरची अंडी काही वेगळी होती का?"

"वेगळी कसली? नेहमीचीच. फक्त मंगळवारपासून उकडून ठेवत होतो."

"काय?"

"सोमवारी सपाता तीनदा धुतल्या मी! उकडलं की सांडत नाही ना."

"अरे, मग सांगायचंस तरी!"

"सांगणार होतो. पण तुम्ही दोघी इतक्या खूश होतात..."

आईने फोन बंद केला. सर्जनबाई बाही पिळत शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे एकोणीस पेशंट आधीच शिजलेले होते."

त्यांनी अवजाराकडे बोट केलं.

"मग हे अवजार चालतं, याला पुरावा काय?"

आईने मोटरची वायर गुंडाळायला घेतली. भिंगरीने आईला वाद न घालता काही आवरताना आजवर पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर, अवजार चांगलं आहे," ती म्हणाली. "हातच वाईट आहे. माझा."

"अगं, पुरे."

"थांब आई, मला सांगू दे. डॉक्टर, मी सुईत दोरा ओवायचा म्हटलं तर घरातली सगळी माणसं लागतात. कंपास वापरूनसुद्धा माझं वर्तुळ बटाट्यासारखं येतं. मी कुलूप उघडताना किल्ली मोडलीये, दोनदा. आणि चार दिवस उकडलेल्या अंड्यांवर मी काय शिकले, तर दाबायला! खोडरबर घासावं तसं दाबते मी. माझ्या हातात लोण्याची सुरी दिलीत तरी पेशंट जाईल. एक अंडं उरलंय. तुम्ही करून बघा ना. प्लीज."

आठवडाभर ती आपल्या हाताची बाजू जितक्या तावातावाने मांडत होती, तितक्याच तावातावाने आता विरुद्ध बाजू मांडत होती. आई तिच्याकडे बघतच राहिली.

सर्जनबाईंनी हात पुसले, अवजार उचललं, वजन तोललं. मग जणू अंड्याला जाग येऊ नये अशा बेताने त्या तासायला लागल्या. नखाएवढी खिडकी उघडली. आत पापुद्रा हलकेच थरथरत होता. अखंड. टिशूपेपर कोरडा.

"हे तरी कच्चं आहे ना?" म्हणत त्यांनी ते आईच्या रिकाम्या कपात फोडलं. बलक डुबकन आत पडला. एवढं सुंदर दृश्य आपण आयुष्यात पाहिलं नाही, असं भिंगरीला वाटलं.

"दात छान बसलेत," सर्जनबाई म्हणाल्या. "माझ्या हातात चालेल हे. पण माझ्याकडे शिकायला येणारे डॉक्टर पहिल्या दिवशी अगदी हिच्यासारखे असतात. तोंडाने एकोणीसपैकी एकोणीस. त्यांच्या हातातसुद्धा पापुद्रा वाचायला हवा. तेवढं जमवा, मग मी घेते."

"दोन महिने द्याल?" आईने वायर पुन्हा सोडवायला घेतली.

"दिले. पण चाचणीला हाच हात हवा. इतका वाईट हात मला शोधून सापडायचा नाही." मग त्या भिंगरीकडे वळल्या. "आणि तुला एकच अट. दोन महिन्यांत अजिबात सुधारायचं नाही."

"त्याची तुम्ही मुळीच काळजी करू नका, डॉक्टर," भिंगरी छाती पुढे काढून म्हणाली. "तेवढा माझा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे."