आई, एकूण चार

लिजॉनचा आरोग्य विमा मंजूर झाला. ही गोष्ट घडलीच नाही असं धरून पुढे जाऊ. खात्यानेही तसंच धरलं आहे.

राज्यातलं एकही गरीब मूल विम्याविना राहू नये, यासाठी शासनाने आधी मूल म्हणजे काय, गरीब म्हणजे काय आणि राहणं म्हणजे काय, हे चौसष्ट पानांत ठरवून दिलं आहे. या दूरदृष्टीचं कौतुक करावं तेवढं थोडं. नियम नसते तर मुलं परस्पर बरी झाली असती.

लिजॉन माझी भाची, मी तिचा मामा. वय सात, दमेकरी. आम्ही मार्शल बेटांवरून अमेरिकेत आलेले. घरातली सगळी मोठी माणसं गावच्या कारखान्यात कोंबड्या कापतात. दरवर्षीप्रमाणे नूतनीकरणाचा अर्ज आला आणि 'आईचं नाव' या रकान्यात मी माझ्या चारही बहिणींची नावं लिहिली, वयाच्या क्रमाने. आमच्यात आईची बहीण ही आईच. शिवाय खोटी माहिती दिल्यास शिक्षा होईल, असं खाली ठळक छापलं होतं. (खरी दिल्यास काय होईल, याबद्दल अर्ज मौन पाळतो.)

सकाळी संगणकाने अर्ज मंजूर केला. दुपारी तो एका माणसाने वाचला.

चार आयांचे पगार एकत्र करताच लिजॉन गावातली सर्वांत श्रीमंत सात वर्षांची व्यक्ती ठरली आणि तिचं कार्ड रद्द झालं. थोरल्या नेइमोकने फोन लावला. सत्तेचाळीस मिनिटं बासरी ऐकवून झाल्यावर एक बाई बोलल्या.

"मॅडम, यातली खरी आई कोणती?"

"कोणत्या कामासाठी?"

"अहो, जन्म कोणी दिला?"

"धाकटीने, एमलाइनने. पण पोरगी जेवते तिसऱ्या बहिणीकडे, आणि धाप लागली की माझ्याच छातीवर पडून असते."

"मग बाकी तिघींची नावं काढावी लागतील."

"काढ की, बाई."

"अशी नाही निघत. त्या वारल्याचा किंवा घर सोडून गेल्याचा दाखला लागतो."

दुसरी बहीण स्वयंपाकघरातून ओरडली, "मी मरते म्हणावं, पण रविवारनंतर! चर्चचा भात माझ्याकडे आहे!"

अखेर खात्याने सहृदयतेने तोडगा काढला: यादीतली पहिली आई कायम, उरलेल्या तीन रद्द. एमलाइन चौथी होती.

आता जन्मदाखल्यावर एक आई आणि नोंदीत दुसरी, म्हणून प्रकरण संशयास्पद ठरलं. त्यावर अपील करण्याचा हक्क फक्त जन्मदात्या आईला आहे, आणि नोंदीनुसार एमलाइनचा या मुलीशी काही संबंध नाही.

"मग मी तिची कोण?" एमलाइनने फोनवर विचारलं.

"घरातली इतर प्रौढ व्यक्ती," बाई म्हणाल्या. खरं तर फार प्रेमाने म्हणाल्या.

योजनेच्या यशाबद्दल शंका नको. विमा नसलेल्या मुलांकडून यंदा आलेल्या तक्रारी: शून्य. (तक्रारीसाठी विमा क्रमांक लागतो.)

संशयाची सुनावणी नव्वद दिवसांनी आहे; तोवर कार्ड बंद. लिजॉनच्या दम्याच्या पंपात अकरा फवारे उरले आहेत. काल तिने एक घेतला आणि दुसरा नको म्हणाली. तिला मोजता येतं.

सबब, वाचकांस नम्र विनंती की, लहानपणी तापात आपल्या उशाशी एकाहून अधिक बायका बसल्या असल्यास, त्या सर्वांचं त्या वर्षीचं एकत्रित उत्पन्न खात्यास कळवावं, आणि तेव्हा घेतलेलं औषध सुनावणीपूर्वी जसंच्या तसं परत करावं.