अकरा पानांचे नाकबूल

ॲडव्होकेट जगदेवराव मोहित्यांच्या बडोद्यातल्या हरणीच्या ऑफिसात टेबलावर दोन डायऱ्या उघड्या होत्या आणि त्यांची पुतणी कम ज्युनिअर कौमुदी एकीतून दुसरीत बघत होती. वाघोडियाच्या रमणीकभाईंचा बोल्टचा कारखाना लवादापुढे चार लाखांना हरला होता. त्या निकालाला आव्हान द्यायची शेवटची तारीख अठरा डिसेंबर. पुढे कायदा एक दिवससुद्धा थांबत नाही. आज बावीस होती.

जगदेवरावांनी तारीख लिहिली होती. ठळक, सुवाच्य. फक्त ती विमा कंपनीने दिवाळीला भेट पाठवलेल्या, पुढच्या वर्षाच्या डायरीत लिहिली होती. चामडी कव्हर बघून जानेवारीपर्यंत त्यांना दम निघाला नव्हता.

रमणीकभाई आले, चहा प्यायले आणि चार लाख आता तुम्हीच द्या म्हणाले. रागावले मात्र नाहीत. "साहेब, वकिलाच्या चुकीचा पण वीमो असतो असं तुम्हीच बोललेले ने? मग टेन्शन शेनुं?"

टेन्शन होते क्लेम फॉर्मच्या सातव्या रकान्याचे : 'आपल्याकडून काय चूक झाली?'

"काका, तीनच शब्द लिहा. माझी चूक झाली."

"बत्तीस वर्षांत हे वाक्य मी लिहिलेलं नाही."

"बोललेलेही नाहीत," कप उचलता उचलता त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई म्हणाल्या. क्लेम बुडाला तर चार लाख त्यांच्या नव्या स्वयंपाकघरातून जाणार होते. टाइल्ससुद्धा पसंत करून झाल्या होत्या.

पण जगदेवरावांची वकिलीच नाकबूल या एका शब्दावर उभी होती. समोरच्याने नोटिशीत त्यांचे नाव बरोबर लिहिले तरी ते 'पुराव्यानिशी शाबीत करावे' असे उत्तर देत. सातव्या रकान्याला त्यांनी अकरा पाने जोडली. तारीख बिनचूक लिहिली होती. ते वर्ष अजून उजाडले नव्हते, याला लिहिणारा जबाबदार नाही. शिवाय डायरी कंपनीचीच.

कंपनीचे उत्तर चार ओळींचे आले. आपले म्हणणे आम्हाला पूर्ण पटले. आपला काहीही निष्काळजीपणा नाही. पॉलिसी निष्काळजीपणाचीच असल्याने क्लेम नामंजूर.

जगदेवराव तडक ग्राहक आयोगात गेले. आता स्वतःला निष्काळजी ठरवायचे होते. कौमुदीने त्यांच्याकडून रोज आरशासमोर 'मी चुकलो' म्हणवून घेतले. आठव्या दिवशी चेहरा न पाडता जमले.

सुनावणी दिवाळीच्या सुमारास लागली. मंदाकिनीबाई मागच्या बाकावर येऊन बसल्या. कंपनीचा तरुण वकील उन्मेष याने अकरा पाने मोठ्याने वाचली आणि वर पदरचे जोडले, की इतका दक्ष, इतका काटेकोर वकील बडोद्यात दुसरा नाही. जगदेवराव डोळे मिटून ऐकत होते. मान हलत होती.

"मोहितेसाहेब, यावर काय म्हणणं?" अध्यक्षांनी विचारले.

ते उठले. कौमुदीने मागून कोट ओढला.

"कबूल," जगदेवराव म्हणाले. "शब्द न् शब्द कबूल."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी समोरच्याचे म्हणणे मान्य केले होते. मंदाकिनीबाईंना टाइल्स एकेक करून निखळताना दिसल्या. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि निकाल तिथेच सांगितला. जो वकील भर सुनावणीत स्वतःचीच केस विरुद्ध पक्षाला देऊन बसतो, त्याच्या निष्काळजीपणाला आणखी पुरावा नको. क्लेम मंजूर.

कंपनीने रमणीकभाईंचे चार लाख चुकते केले. मंदाकिनीबाईंनी गवंड्याला फोन लावला. जगदेवराव मात्र घरात येरझाऱ्या घालत होते.

"निष्काळजी? मी? लेखी निकालात? कौमुदी, अपील करायचं. वरच्या आयोगात."

कौमुदीने वाद घातला नाही. कपाटावर यंदाच्या दिवाळीची, कंपनीने पाठवलेली नवी डायरी होती. ती तिने उघडून काकांपुढे सरकवली आणि पेन दिले.

"पंचेचाळीस दिवस आहेत, काका. अठरा डिसेंबर. लिहून ठेवा."

जगदेवरावांनी लिहिले. ठळक, सुवाच्य.