म्हात्रे सरांचं ताट

म्हात्रे सर वस्तूंच्या वतीने माफी मागतात. म्हणजे तुम्ही टेबलाच्या कोपऱ्यावर मांडी आपटलीत, की तुमच्याआधी तेच कळवळतात आणि हात जोडून म्हणतात, "माफ करा हं. कोपरा असा नको होता." टेबल त्यांनी केलेलं नसतं, विकत आणलेलं नसतं. कधीकधी तर त्यांनी ते पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. तरी लाज त्यांनाच वाटते.

मी विरार पूर्वेच्या आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी स्टाफरूममधल्या खुर्चीच्या खिळ्यात माझा पदर अडकून टर्रकन फाटला. समोर बसलेले एक सावळे, उंच गृहस्थ ताडकन उभे राहिले. "चुकलं, बाई. खिळा बाहेर राहिला."

"तुम्ही ठोकला होता का?"

"नाही. पण ठोकणाऱ्याला आता कुठे शोधणार?"

हे जनार्दन म्हात्रे, आमचे चित्रकलेचे सर. वय बावन्न, राहणं खाडीकडच्या एका गावात. घरी आगरी बोलतात, शाळेत शुद्ध. फक्त घाबरले की त्यांच्या तोंडून 'ण' पळून जातो. शिक्षणाधिकारी तपासणीला आले, तेव्हा सरांनी त्यांना "पानी आनू का?" असं विचारलं आणि नंतर दिवसभर कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

बँकेच्या दारावर 'ढकला' लिहिलेलं असतं आणि ते ओढावं लागतं. सर तिथे पासबुक भरायला जातात आणि अर्धा तास दाराशी उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, "ओढा, ओढा. माफ करा." एकदा तिथल्या सुरक्षारक्षकाने त्यांना विचारलं होतं, "साहेब, तुम्ही बँकेतच आहात का?" बोळिंजला आमच्या गणिताच्या बाईंच्या मुलीचं लग्न होतं. हॉलमध्ये बुफे. सर रांगेच्या कडेला उभे राहून पाहुण्यांकडे अपराधी चेहऱ्याने पाहत होते. "एका हातात ताट, दुसऱ्या हातात ग्लास. मग माणसानं जेवायचं कशानं, बाई? वाईट वाटतं हो." मी म्हटलं, "तुम्ही घ्या ना काहीतरी." तर म्हणाले, "मी जेवून आलोय." लग्नाला जेवून येणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

शाळेत चित्रकलेच्या तासाची जी गत असते, तीच आमच्याकडेही होती. भूगोल मागे पडला, घ्या चित्रकलेचा तास. सर उदारपणे म्हणायचे, "घ्या, घ्या." उरलेल्या तासांना ते स्वतः फळ्याला हात लावायचे नाहीत. मुलांनाच खडू द्यायचे आणि मागे खिशात हात घालून उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, ही नवी शिक्षणपद्धती असेल.

मग दातांचं प्रकरण सुरू झालं. दर शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी सर रजेवर. कारण, दाताचं काम. आमच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी पहिले काही महिने सहानुभूती दाखवली, नंतर मोजणी सुरू केली. "म्हात्रे, माणसाला एकूण दात किती असतात?"

"बत्तीस, बाई."

"मग तुमचं हे कितवं तोंड चाललंय?"

स्टाफरूम खदखदून हसली. सर ओशाळले आणि म्हणाले, "माफ करा." दात तर त्यांचे एकदम धडधाकट होते. कुणी म्हणालं, सरांना मोठा आजार झालाय. कुणी आणखी रंगतदार अंदाज केले, ते मी इथे लिहीत नाही.

खरं कळलं ते सातिवलीत. स्नेहसंमेलनाच्या ट्रॉफ्या बनवून घ्यायला मी एका शनिवारी तिथल्या स्टीलच्या कारखान्यात गेले होते. पत्रा दाबायच्या मशीनपाशी सर उकिडवे बसलेले. शेजारी निळ्या केसांची एक मुलगी. ती ओरडली, "जेएम, नीट धर ना, यार! हलवू नकोस!"

आमच्या म्हात्रे सरांना कुणी 'अरे' करतंय, तेही त्यांच्या मुलीच्या वयाची पोर, हे पाहून मी दारातच थबकले. सरांनी वर पाहिलं. हातातलं स्टीलचं ताट त्यांनी पाठीमागे लपवलं, कॉपी करताना पकडलेल्या मुलासारखं.

"बाई, शाळेत सांगू नका."

कारखान्याचा मालक वैतागला होता. "मॅडम, आप समझाओ सरजी को. ऐसी थाली मार्केट में रेडी मिलती है. कितनी बार बनवाएँगे?"

बाहेर येऊन सरांनी सगळं सांगितलं. मुंबईतल्या एका कॉलेजात ते समकालीन डिझाइनमध्ये मास्टर्स करत होते. शुक्रवार-शनिवारचे वर्ग. दुसरं वर्ष चालू. निळ्या केसांची तन्वी त्यांची वर्गमैत्रीण.

"अहो, मग लपवता कशाला? पेढे वाटायचे!"

"बावन्नाव्या वर्षी पहिल्या बाकावर बसतो, बाई. पहिल्या दिवशी मी वर्गात गेलो, तर सगळी मुलं उठून उभी राहिली. त्यांना वाटलं, मीच प्राध्यापक. मग खरे प्राध्यापक आले, ते माझ्यापेक्षा अठरा-वीस वर्षांनी लहान. ते मला सर म्हणाले, मी त्यांना सर म्हणालो. पहिला तास त्यातच गेला."

"पण मुळात केलंत कशासाठी हे?"

"लाज वाटली म्हणून. इतकी वर्षं मुलांना फुलदाणी आणि मागे पडदा काढायला शिकवला. एकाच्या तरी घरी फुलदाणी आहे का?"

त्या दिवसापासून मी त्यांच्या कटात सामील झाले. त्यांच्या प्रबंधाचं इंग्रजी तपासायचं काम माझ्याकडे आलं. त्या निमित्ताने कॉलेजातल्या गमती कळत गेल्या. तिथे म्हणे आपलं काम भिंतीवर लावायचं, आणि सगळ्यांनी मिळून त्याच्या चिंध्या करायच्या. मग ज्याचं काम, त्याने उत्तर द्यायचं. इतर मुलं वाघासारखी भांडायची. सर मात्र पहिल्या वाक्यालाच म्हणायचे, "बरोबर आहे. चुकलंच माझं." प्राध्यापक कपाळावर हात मारायचे. "सर, तुम्ही भांडल्याशिवाय मी तुम्हाला मार्क कसे देऊ?"

आणखी एक गंमत. आपण ज्याच्यासाठी वस्तू करतो, तो माणूस आधी डोळ्यांसमोर उभा करायचा, त्याला नाव-गाव द्यायचं, असा तिथला रिवाज. बाकीच्यांनी कल्पनेतल्या सुंदर सुंदर मुली उभ्या केल्या. स्वतःचं काम करणाऱ्या, मांजर पाळणाऱ्या, समुद्रासमोर राहणाऱ्या. सरांनी सांगितलं, "पुरुष. बावन्न. नोकरी करतो." प्राध्यापकांनी नाव विचारलं. सर म्हणाले, "नाव नको. तो माणूस लाजतो."

मी पोट धरून हसले. सरही हसले, थोडेसे.

प्रबंधाचा शेवटचा हात फिरवायला एका रविवारी मी त्यांच्या गावी गेले. अंगणात मीठ लावलेले बोंबील वाळत होते. सरांच्या पत्नी, सुगंधावहिनी, यांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीचं कालवण केलं होतं. पानं वाढली. सर उठले, आपलं ताट वहिनींकडून मधल्या खोलीत ठेवून घेतलं, आत गेले आणि दार लोटून घेतलं. मी घास हातात धरून बसले. घरी बोलावलेल्या पाहुणीला बाहेर बसवून यजमान आत एकटा जेवतोय!

वहिनींनी दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"बघितलंत? हे कॉलेजचं खूळ डोक्यात आलं त्याच्या आधीपासून असंच. तीन वर्षं झाली. सणाला नाय, पाहुन्यांत नाय. भावाच्या हळदीत पन जेवले नाय." त्यांनी माझ्या ताटात आणखी कालवण वाढलं. "आमचं जेवन, आमचं बोलनं, त्यांना लाज वाटत असेल. मी सातवी शिकलेली. आता मोठ्या लोकांत उठबस हाय ना त्यांची."

मी भाकरीचा तुकडा मोडून कालवणात बुडवला. सर बाहेर आले, तेव्हा मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही. सगळ्या जगाच्या खुर्च्या-टेबलांसाठी हळहळणारा माणूस, आणि घरात बायकोला असं वागवतो? परतीच्या रिक्षात मी ठरवलं, आता प्रबंध पुरा झाला, आपला संबंध संपला.

पण अंतिम परीक्षेच्या आदल्या दिवशी सर स्टाफरूममध्ये माझ्यापाशी घुटमळले. "बाई, उद्या याल का? परीक्षक असतात, बाहेरचे लोकही बसू शकतात. समोर एक ओळखीचा चेहरा हवा होता." नाही म्हणायचं माझ्या ओठांवर होतं. त्यांचा चेहरा पाहून म्हणता आलं नाही.

मोठं दालन होतं. प्रत्येक विद्यार्थ्याला एक टेबल. तन्वीने मासेमारीच्या फाटक्या जाळ्यांच्या झोकदार पिशव्या केल्या होत्या. एका मुलाचा दिवा माणसाचा मूड बघून रंग बदलत होता. तो माझ्याकडे वळून तांबडा झाला. सरांच्या टेबलावर एक स्टीलचं ताट, एक वाटी, एक ग्लास आणि एक जेवणाचा डबा. बस.

परीक्षक दोघं होते, दोघंही काळ्या कपड्यांत. एक चष्मेवाले गृहस्थ, एक आखूड केसांच्या मॅडम. मॅडमनी टेबलाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुमचं जेवण आटपून घ्या. आम्ही तोवर पुढचं टेबल बघतो."

"हेच आहे, मॅडम."

"काय?"

"माझं डिझाइन."

चष्मेवाल्यांनी ताट उचलून उलटसुलट पाहिलं. "असं ताट तर माझ्या आईकडेही आहे."

"हो ना!" सर इतके खूश झाले, की मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

मग दोघांनी झोडपायला सुरुवात केली. यात नवीन काय? यात समकालीन काय? दोन वर्षं शिकून भांड्यांच्या दुकानात मिळणारं ताट केलंत? मी मान खाली घातली. आता सर म्हणणार, बरोबर आहे, चुकलंच माझं. इतक्या लोकांत त्यांचं ते हात जोडणं मला पाहायचं नव्हतं.

"नाय, मॅडम. चुकलं नाय."

मी वर पाहिलं. सरांनी कोपऱ्यातून कॅन्टीनचं एक साधं ताट आणि वाटी आणली. डबा उघडला, भात घेतला. मग कालवण वाटीत ओतायला डबा उचलला, आणि त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. थंडीने कापतो तसा नाही. कुणी मनगट धरून गदागदा हलवावं, तसा. कालवण वाटीच्या बाहेर सांडलं. भाताचा घास तोंडापर्यंत जाताना अर्धा टेबलावर पडला. घसरती वाटी सावरायला गेले, तर ती कलंडली आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर पिवळा ओघळ उतरला. तन्वीने तोंडावर हात धरला. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. हे आपण पाहू नये, कुणीच पाहू नये, असं काहीतरी.

सरांनी शर्ट पुसला नाही. त्यांनी आपलं ताट पुढे ओढलं आणि पुन्हा वाढून घेतलं. हात तसाच थरथरत होता. पण या ताटाचा काठ आतल्या बाजूला किंचित वळवलेला होता. निसटलेला भात काठाला अडून परत ताटातच पडत होता. वाटी ताटातल्या खळग्यात घट्ट बसली होती, हलत नव्हती. ग्लासाचा तळ जड होता. सर हळूहळू, न बोलता, सगळं जेवले. टेबलावर एक शीत पडलं नाही.

"कंपवाताचा एक प्रकार आहे," ते म्हणाले. "डॉक्टर म्हनतात, यानं जिवाला धोका नाही. पन चारचौघांत जेवता येत नाही. फळ्यावर रेघ मारता येत नाही. रुग्नांसाठी वेगळी भांडी मिळतात. रबराची, लाल-निळी. ती पंगतीत मांडली, की सगळी पंगत बघते. म्हनून हे असं केलं. शेजारी बसलेल्याला कळता कामा नये. कळलं, तर माझं डिझाइन नापास."

चष्मेवाले बराच वेळ ताटाच्या काठावरून बोट फिरवत राहिले. "म्हणजे प्रबंधातला तो नाव नसलेला माणूस तुम्हीच. दोन वर्षांत हे सांगितलं का नाहीत?"

"लाज वाटत होती."

मॅडमनी घसा साफ केला. म्हणाल्या, ग्लासाचा काठ मात्र जरा जाड झालाय.

"हो," सर म्हणाले. "ते चुकलंय."

सर पास झाले. पहिले वगैरे नाही, नुसते पास. बक्षीस मूड ओळखणाऱ्या दिव्याला मिळालं. तन्वीने सरांना सगळ्यांदेखत मिठी मारली आणि सर खांबासारखे ताठ उभे राहिले.

नंतर आम्ही बाहेरच्या व्हरांड्यात आलो. सरांनी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. हातात धरून कानाला लावणं त्यांना जमणार नव्हतं, हे आता माझ्यापासून लपवायचं कारण उरलं नव्हतं. मी बाजूला सरकू लागले. त्यांनी मानेनेच थांबा म्हटलं.

"सुगंधा, रात्री मी येईपर्यंत जेवू नको. एकत्र बसू."

वहिनी घाबरून म्हणाल्या, "काय झालं? नापास झाले काय?"

"पास झालो. सुगंधा, माझा हात थरथरतो. जेवताना."

"कवापासून?"

"तीन वर्षं."

मागे घरात कुकरची शिट्टी झाली. सर कट्ट्यावरच्या फोनकडे बघत उभे होते.

"म्हनून आत बसून जेवायचे?"

"हो."

"आनि मी..." वहिनींचा आवाज तुटला. नाक ओढल्याचा आवाज आला. मग एकदम रागाने त्या म्हणाल्या, "माझ्यासमोर सांडलं असतं तर काय झालं असतं? पुसलं असतं मी!"

सर फोनवर आणखी वाकले.

"या आता," वहिनी म्हणाल्या. "मी थांबते." फोन बंद झाला.

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, तुम्ही जरा पुढे व्हा." आणि कालवण सांडलेला शर्ट तसाच अंगावर ठेवून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.