अनधिकृत चिंच

"ही चिंच कुणी लावली?"

प्रश्न माझा नव्हता. तो माझ्या मैत्रिणी मदिहा आणि संयोगिता यांचा होता, तोंड फक्त माझं होतं. "भर सभेत उठून विचारलंस तर लोणी डोसा, न्हाय विचारलंस तर जन्मभर भित्री म्हणणार," असा करार झाला होता. मी दहावीत आहे, वक्तृत्व स्पर्धेत नुकतीच ढाल मिळवली आहे आणि माईक दिसला की माझे पाय आपोआप चालू लागतात. त्यामुळं वनराई वसाहतीच्या रौप्यमहोत्सवी सर्वसाधारण सभेत "कुणाला काही विचारायचं आहे का?" असं निव्वळ रीत म्हणून विचारलं गेलं, तेव्हा मी खरोखरच विचारलं. असा प्रकार वसाहतीत पूर्वी कधी घडलेला नव्हता.

कळंबा तळ्याच्या अलीकडं डाव्या हाताला दाट झाडी दिसते ती आमची वनराई. तिचा अधिकृत इतिहास सगळ्यांना पाठ आहे. पंचवीस वर्षांपूर्वी इथं ओसाड माळ होता, कुसळसुद्धा उगवत नव्हतं, मग संस्थापक सभासद आले, त्यांनी घाम गाळला आणि रान उभं केलं. पुरावा म्हणून प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी ठोकलेली आहे: 'हे झाड अमुक यांनी लावले व जगवले.' शिवाय संस्थापकांच्या चिरंजीवांचे वाढदिवसाचे फलकही झाडांनाच सांभाळावे लागतात, त्याचे खिळे वेगळे. झाडावर जिवापाड प्रेम असल्याशिवाय माणूस इतके खिळे मारत नाही.

फाटकाजवळच्या चिंचेला मात्र पाटी नव्हती. तिचा बुंधा एवढा की आम्ही तिघींनी हात पसरून कवळा घातला तरी बोटाला बोट लागत नाही. वसाहतीत ज्येष्ठांना कट्टा आहे, रस्सा मंडळाला मंडप आहे, गाड्यांना शेड आहे. तीन मुलींनी बसावं आणि कुणी "कुणाची गं तू? घरला जा की" म्हणू नये अशी जागा एकच, चिंचेची मुळं. ती जागा नक्की कुणाची, हे आम्हाला एकदा कळायला हवं होतं.

अध्यक्ष बाळासो काकांनी माईक ओढून घेतला. "पोरीनं झ्याक प्रश्न विचारला. चिंच संस्थापकांनी लावली."

"कुठल्या संस्थापकांनी?"

मग एकदम सात हात वर आले.

गणपतराव आजोबांनी रोप पेठ वडगावच्या बाजारातनं पिशवीत घालून आणलं होतं. जोतीराम मामांनी तेच रोप वारणानगरहून मोटरसायकलवर आणलं होतं.

"दोघंबी खोटं बोलाय लागलाय," विठाबाई आजी उठल्या. "आमच्या ह्यांनी जेवताना चिंचोका थुकला, तिथंच उगवली ती. मी समोर हुतो की."

"विठाबाई, थुकण्याला वृक्षारोपण म्हणत न्हाईत," गणपतराव आजोबा म्हणाले.

"मग तुमच्या पिशवीला काय म्हणत्यात?"

प्रकरण हातघाईवर येण्याआधी उपसमितीकडं सोपवण्यात आलं. इथं सांगायला हवं, की वसाहतीची घटना कागदावर काहीही असली तरी प्रत्यक्ष कारभार रस्सा मंडळ पाहतं. रविवारी मंडपात चुलीवर मटण चढतं आणि ते शिजेपर्यंत ठरावही शिजतात. पांढऱ्या रश्श्यावर प्रस्ताव मांडायचा, तांबड्यावर दुरुस्ती सुचवायची, सुक्क्यावर मंजुरी द्यायची. श्रावणात वसाहतीचं कामकाज पूर्ण बंद असतं.

सात दावेदारांतला खरा कोण हे ठरवायला उपसमितीनं वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक धैर्यशील सर यांना जेवायला बोलावलं. सरांनी बुंध्याला टेप गुंडाळला, वर बघितलं आणि म्हणाले, "दीडशे वर्षांची तरी असेल."

मग बाळासो काकांनी स्वतःच्या हातानं सरांना वाढलं. "पंचवीसपर्यंत आणा की सर. अजून एक वाटी घ्या."

सरांनी वाटी संपवली, विचार केला आणि म्हणाले, "फार तर एकशेचाळीस."

आता पेच मोठा झाला. 'येथे एकही झाड नव्हते' हे वाक्य रौप्यमहोत्सवी स्मरणिकेच्या पहिल्याच पानावर होतं, गुळगुळीत कागदावर, रंगीत. चिंच खरी असेल तर वाक्य खोटं. आणि पहिलंच वाक्य खोटं ठरलं तर पुढच्या सगळ्या पाट्यांचं काय? कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "वाक्य बदलूया का?"

"हजार प्रती छापून आल्यात," बाळासो काका म्हणाले. "झाड एकच हाय. बहुमत कुणाचं ते बघा."

यानंतरची जबाबदारी माझ्या पप्पांवर आली, कारण ते सचिव आहेत. आयुष्यभर कचेरीत पत्रं लिहिल्यामुळं त्यांना दुसऱ्या भाषेत रागावतासुद्धा येत नाही. माझ्या हातनं दूध सांडलं तरी ते "सदर बाब गंभीर आहे" म्हणतात. त्यांनी मंजूर नकाशा काढला. नकाशात चिंच नव्हती. म्हणजे ती अतिक्रमण होती. त्याच दिवशी नोटीस निघाली:

'विषय: वसाहतीच्या स्थापनेपूर्वीपासून विनापरवाना उभे राहिल्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, मंजूर नकाशात आपण आढळून येत नाही. तरी आपला खुलासा तीन दिवसांत लेखी सादर करावा. मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपणांस काही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरण्यात येईल.'

नोटीस चिंचेच्या बुंध्यावर चार खिळ्यांनी ठोकण्यात आली. चिंचेला मिळालेली ती पहिली पाटी.

चिंचेनं खुलासा दिला नाही. त्यामुळं तिची 'बुंध्यापासून छाटणी' करण्याचं ठरलं. 'तोडणी' हा शब्द पप्पांनी कटाक्षानं टाळला, त्याला परवानगी लागते. छाटणीनंतर त्याच जागी सिमेंटची चिंच उभारायची होती. हिरवा रंग, आत दिवे, पाला पडणार नाही, वसाहत स्वच्छ राहील आणि सातही दावेदारांची नावं बुंध्यावर गोलाकार कोरता येतील. खाली बोधवाक्य, 'झाडे लावा, झाडे जगवा.' मुळंच नसल्यामुळं मुलींच्या बसण्याचा प्रश्नही निकालात निघत होता.

जिंकलेला डोसा मला फार महागात पडला. प्रश्न मी विचारला नसता तर चिंच गुमान उभी राहिली असती. त्या संध्याकाळी मी 'वनराई परिवार (अधिकृत)' या ग्रुपवर लिहिलं, "चिंच तोडू नका. चूक स्मरणिकेची आहे."

मग कुणीतरी गुलाबाचं फूल टाकलं. कुणी सुविचार टाकला, 'निसर्ग हाच गुरू.' त्यावर पटापट हात जोडले गेले. माझा मेसेज त्या हातांखाली गाडला गेला.

आणि मग माझा फोन खासगीत वाजायला लागला. "शाब्बास पोरी." "आमचा पूर्ण पाठिंबा आहे, फक्त नाव घेऊ नकोस." "तुझ्यासारखी मुलं पाहिजेत, आमची ऐकत नाहीत." गणपतराव आजोबांनी कळवलं की रोप त्यांनी आणलं नव्हतं, पण आता मागं कसं हटणार. स्वतः बाळासो काकांनी लिहिलं, "व्यक्तिशः मी तुझ्या बाजूनं हाय. अध्यक्ष म्हणून विरोधात." आतल्या खोलीतनं पप्पांचा मेसेज आला, "तुझा अभिमान वाटतो. मम्मीला दाखवू नये." स्वयंपाकघरातनं मम्मीचा आला, "डगमगू नकोस. पप्पांना सांगू नकोस." हिशोब केला तर वसाहतीत दणदणीत बहुमत चिंचेचं होतं.

रविवारी खास सभा झाली. "छाटणीला विरोध असणाऱ्यांनी हात वर करा."

मी हात वर केला. मदिहानं केला, संयोगितानं केला. बाकी सगळी मंडळी आपापल्या चपलांकडं बघत होती. मला खासगीत 'वाघीण' म्हणणाऱ्या एक काकू तर पर्समध्ये किल्ली शोधत होत्या, आणि त्यांचं घर उघडंच होतं.

"तीन हात अल्पवयीन असल्यामुळं ग्राह्य धरता येत नाहीत," पप्पांनी वाचून दाखवलं. "ठराव एकमतानं मंजूर. छाटणी उद्या सकाळी."

रात्री जेवताना मी मम्मी-पप्पा दोघांनाही सांगितलं.

"उद्या करवतवाले यायच्या आत मी चिंचेवर चढून बसणार हाय. मदिहाच्या तौसीफचाचांनी त्यांचा लग्नात लावायचा स्पीकर द्यायचं कबूल केलंय."

"वर बसून काय करणार?" मम्मीनं विचारलं.

"वाचन. मला आलेले सगळे मेसेज. प्लॉट नंबरप्रमाणं, नावासकट."

पप्पांचा घास हातातच राहिला. "सदर मेसेज खासगी आहेत. लोकांनी विश्वासानं पाठवलेत."

"म्हणून तर वाचतो. खासगीत सगळी माणसं किती चांगली हाईत पप्पा! मी कुणाची बदनामी करणार न्हाय, कौतुकच करणार हाय."

मम्मीनं पप्पांकडं बघितलं. "तुम्ही काय पाठवलं हुतं काय हो?"

"मी? छे. तू?"

"मी कशाला पाठवू?"

दोघांनीही ताटात मान घातली. हे वाचताना मनातल्या मनात तुम्हीही माझ्या बाजूला आला असाल. येऊ नका. मनातल्या मनात माझ्या बाजूला अख्खी वसाहत बसलेली आहे, तिथं पाय ठेवायला जागा नाही.

"आपला प्लॉट चार नंबर," मी भात कालवत म्हणाले. "झोपायच्या आत ग्रुपवर उघड लिहिलं, तर दोघांचंबी वाचणार न्हाय. न्हाईतर सकाळी खिडकी लावून घेऊ नका, उपयोग न्हाय. त्या स्पीकरचा आवाज पार तळ्याच्या पलीकडं जातोय."